वाढत्या अंगाचं रॉकेट

"हे रॉकेट मी आईंच्या मानेसाठी आणलंय," हे वाक्य मी पहिल्यांदा उच्चारलं तेव्हा ते शंभर टक्के खोटं होतं. पण केस पिकलेला माणूस दारात लांबलचक खोकं बगलेत मारून उभा आहे, बायको "हे काय आणलंत?" असं विचारते आहे आणि तिच्या हातात उलथनं आहे, अशा वेळी सत्याचा फार आग्रह धरू नये. खोक्यावर निळ्या आकाशात झेपावणाऱ्या रॉकेटचं एवढं मोठं चित्र होतं, त्यामुळे हे पडद्याचे दांडे आहेत असंही सांगता येईना. तोंडात आलं ते बोलून गेलो.

खरं कारण एवढंच की दुकानाच्या काचेतून ते दिसलं आणि मी विरघळलो. मॉडेल रॉकेट, मध्यम ताकदीचं. याच्याहून छोटी असतात ती मुलांची. मोठी असतात त्यांना परवाने आणि परीक्षा लागतात. हे मधलं, म्हणजे अगदी आपल्या वर्गातलं. खोक्यावर लिहिलं होतं, 'वय वर्षे अठरा आणि पुढे'. मी त्या 'आणि पुढे'मध्ये बराच आत बसतो.

आता आईंच्या मानेबद्दल. आई म्हणजे माझ्या सासूबाई, आमच्याकडेच असतात. त्यांनी आयुष्यभर शिवणाच्या मशीनवर मान खाली घालून शाळेचे गणवेश शिवले. पुढे हात थांबले, पण मान काही वर आली नाही. त्यांना माणसं गुडघ्यापर्यंत दिसतात. आल्यागेल्याला त्या चपलांवरून ओळखतात आणि घरात पडलेलं टाचणीपासून कानातल्यापर्यंत सगळं त्यांनाच सापडतं. व्यायामाच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "रोज थोडी थोडी वर करा, नाहीतर आहे तिथेच कायमची बसेल." त्यावर आईंचं म्हणणं, "वर काय बघायचंय? पंखा?" आणि त्यांचं म्हणणं खोडून काढायची आमच्या घरात पद्धत नाही.

बायकोनं उलथनं खाली घेतलं. "डॉक्टर म्हणाले का असं?"

"वर बघायला काहीतरी कारण द्या, म्हणाले," मी दुसरं खोटं पहिल्याच्या शेजारी नीट रचून ठेवलं.

तिचा चेहरा असा काही मऊ झाला की मला माझीच लाज वाटली. लग्न झाल्यापासून तिनं माझ्याकडे असं बघितल्याचं आठवत नाही. त्या क्षणी खरं सांगून टाकायला हवं होतं. पण माणसाला कौतुक फार मिळत नसेल तर तो आलेलं परत पाठवत नाही.

खोकं जेवणाच्या टेबलावर उघडलं. आत पुठ्ठ्याची जाड नळी, प्लास्टिकचं टोकदार नाक, शेपटीला लावायचे प्लायवूडचे पंख, आणि एका पिशवीत घडी केलेलं पातळ प्लास्टिकचं पॅराशूट. व्यवस्था अशी की शेपटीत बसवायची मोटर, म्हणजे शोभेच्या दारूनं भरलेली नळी, जळते, रॉकेट वर जातं, मग मोटरच्या डोक्यात एक छोटा स्फोट होऊन नाक निघतं, मागोमाग पॅराशूट बाहेर पडतं आणि सगळं प्रकरण झुलत झुलत खाली येतं. मी हे बायकोला समजावत असताना आईंनी ते पॅराशूट उचललं, चिमटीत धरून डोळ्यांजवळ नेलं आणि विचारलं, "हे कुणी शिवलं?"

"शिवलेलं नाही, आई. कापलंय नुसतं."

"कडा अशाच?"

"अशाच असतात."

"उघड्या कडांचं कुणाच्या अंगावर घालतात का, जावईबापू?" आईंच्या आवाजात असा धक्का होता की जणू मी रॉकेटला उघडं रस्त्यावर पाठवत होतो. "मी शिवून देते."

स्वयंपाकघरात भांडं पडल्याचा आवाज आला. बायको दारात येऊन उभी राहिली. आईंच्या मशीनवरचं झाकण कित्येक वर्षांत निघालं नव्हतं. त्यावर आम्ही इस्त्रीचे कपडे, टॉर्च, विजेची बिलं, असं सगळं ठेवत आलो होतो. बायकोनं एकेक वस्तू उचलली, झाकण काढलं, आणि तेलाची बाटली शोधायला गेली ती बराच वेळ आलीच नाही.

आईंनी जुन्या रेनकोटचं अस्तर उसवून त्याच्या पाकळ्या कापल्या आणि त्या जोडून सुंदर घुमट शिवला. नारिंगी रंग, दुहेरी शिवण, कडेला पट्टीची पायपीन, दोऱ्या ओवायला काज. मी बघत राहिलो. खाली मान घातलेल्या त्या बाईचे हात कापडाला न विचारता कापडाला हवं तिथे नेत होते. फक्त एक गोष्ट माझ्या लक्षात आली. प्रत्येक पाकळीच्या शिवणीला आत चांगलं दोन बोटं कापड दुमडून ठेवलेलं होतं.

"आई, हे आत जास्तीचं कशाला?"

"वाढत्या अंगाचं शिवलंय."

"रॉकेट वाढत नाही, आई."

"सगळ्या आया असंच म्हणतात," आई दोरा दातांनी तोडत म्हणाल्या, "आणि वर्ष संपायच्या आत बाही कोपरापर्यंत येते. आत कापड असलं की बरं, सोडता येतं."

मग त्यांनी मशीनचं चाक थांबवलं आणि आपला नियम सांगितला. "मी आजवर ट्रायल बघितल्याशिवाय कपडा दिलेला नाही. अंगावर बसलेलं मला दिसलं पाहिजे."

"ते वर उघडणार, आई. खूप वर."

"मग वर दिसलं पाहिजे."

त्या इतक्या सहज बोलल्या की त्यातली गोम मला कळायला वेळ लागला. त्यांनी आजवर ज्यांची मापं घेतली ती सगळी शाळेतली पोरं. त्यांच्याकडे बघायला मान खालीच लागायची. वर बघून ट्रायल घ्यायची ही त्यांची पहिलीच वेळ असणार होती. बायकोनं मला स्वयंपाकघरात ओढलं. "ऐकलंत? आईला वर बघायचंय! स्वतःहून म्हणाली." आणि मग माझा हात घट्ट धरून, हळूच, "तिला ते दिसलं पाहिजे हं. दिसलं नाही तर ती मशीन पुन्हा झाकून ठेवेल. मी ओळखते तिला."

अशा रीतीनं माझं खोटं माझ्या देखत खरं झालं, आणि मला पहिल्यांदा भीती वाटली.

पॅराशूट नळीत जाईना. दुहेरी शिवण, पायपीन आणि वाढत्या अंगाचा तो सगळा संसार मिळून एवढा गठ्ठा झाला होता की मी तो लाटण्यानं ठोसून बघितला तरी अर्धा बाहेर. आतलं कापड कापून टाकावं असा विचार माझ्या मनात आला, पण मी आईंच्या वाकलेल्या मानेकडे बघितलं आणि तो सोडून दिला. त्यापेक्षा रॉकेट लांब करणं सोपं. ऑफिसात नकाशे गुंडाळून ठेवायची एक नळी भंगारात निघाली होती, ती आणून मधे जोडली. रॉकेट माझ्या छातीला लागेल एवढं झालं. दिसायला रुबाबदार. इथेच थांबलो असतो, पण समोरच्या घरात पूलसाहेब राहतात.

पूलसाहेब म्हणजे जन्मभर पूल बांधून निवृत्त झालेले इंजिनीअर. त्यांच्या पुलांवरून सायकली जायच्या, पण ते हिशोब हत्तीचा धरायचे, आणि याचा त्यांना सार्थ अभिमान आहे. ते दार उघडं दिसलं की आत येतात आणि "एक सांगू? राग मानू नका" अशी सुरुवात करतात. असं सुरू झालेलं वाक्य राग आल्याशिवाय संपल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

"एक सांगू? राग मानू नका. हे शेपटीचे पंख आहेत की पुस्तकात घालायच्या खुणा?"

"कंपनीनं हिशोब केलेला असतो, साहेब."

"कंपनीनं हिशोब त्यांच्या रॉकेटचा केला. तुम्ही ते दीडपट केलंत." हे बरोबर होतं, आणि बरोबर असण्याची त्यांची सवय फार जाचक आहे. दुसऱ्या दिवशी ते घरच्या एका ड्रॉवरचा तळ घेऊन आले. त्यातून आम्ही नवे पंख कापले, मोठे आणि जाड. ते चिकटवायला त्यांनी स्वतः गोंद कालवला आणि प्रत्येक सांध्यावर असा थापला की शेपटीला गलगंड झाल्यासारखं दिसू लागलं. त्यावर बायकोनं आवडीचा निळा रंग दिला. तो पहिल्या हातात उठून दिसेना म्हणून दुसरा हात, मग "पांढरे पट्टे हवेत" म्हणून पट्टे. घरातल्या प्रत्येकानं रॉकेटला आपापल्या परीनं माया लावली. ती सगळी माया शेपटीकडे साचत गेली, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही.

माझी नोकरी वजनमापे खात्यात आहे. दुकानादुकानांतून हिंडून काटे तपासायचे आणि कुणी कमी भरत असेल तर त्याला धरायचं, हे माझं काम. त्यामुळे रॉकेटचं वजन करायला मला ऑफिससारखी दुसरी जागा नव्हती. जेवणाच्या सुट्टीत मी ते प्रमाणित काट्यावर ठेवतो न ठेवतो तोच मागून आमच्या खात्याच्या साहेबांचा आवाज आला.

"हे कुठून जप्त केलंत?"

"माझं आहे, साहेब."

त्यांनी मी सोबत आणलेल्या खोक्यावर छापलेलं वजन वाचलं. मग काटा वाचला. मग चष्मा पुसून पुन्हा काटा वाचला. "लिहिलंय त्याच्या दुप्पट भरतंय," ते गंभीरपणे म्हणाले. "आपल्या खात्याच्या इतिहासात जास्त भरलेलं कुणी आणल्याचं मला आठवत नाही. अशाला काय कलम लावायचं?" सगळं ऑफिस हसलं. मी रॉकेट वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणलं आणि पुढचे दोन दिवस ऑफिसात डबा आपल्या टेबलावरच एकट्यानं खाल्ला.

जास्त वजनाचं एक वेळ निभावलं असतं. पण सूचनापत्रकात एक चाचणी दिली होती. रॉकेट जिथे तोललं जातं तिथे दोरी बांधायची आणि ते डोक्याभोवती गरागरा फिरवायचं. नाक पुढे राहिलं तर रॉकेट शहाणं. नाहीतर ते वर न जाता वाटेल तिकडे जाईल, तुमच्याकडेसुद्धा. मी इमारतीच्या अंगणात उतरलो. गॅलऱ्या भरल्या. मी दोरी फिरवायला सुरुवात केली, रॉकेट उचललं गेलं, आणि शेपूट पुढे, नाक मागे अशा थाटात माझ्याभोवती घिरट्या घालू लागलं.

"उलटं जातंय!" पूलसाहेब गॅलरीतून ओरडले.

"दिसतंय मला!" असं मी ओरडलो खरा, पण तोवर मला काहीच दिसत नव्हतं. अंगण, गॅलऱ्या, पूलसाहेब, सगळे एका रेषेत फिरत होते. मी थांबायचा प्रयत्न केला, पण थांबलं ते रॉकेट, मी नव्हे. मला मात्र गोल फिरत जाऊन कुंड्यांच्या रांगेत बसावं लागलं. वरून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. कुणी ते मी अजून शोधतो आहे.

शेपूट जड, म्हणून नाकात वजन हवं, एवढं समजलं. पण ते कशाचं? मी घरभर खिळे-मोळे गोळा करत होतो तेव्हा आईंनी मशीनच्या खणातून एक डबा काढून माझ्यापुढे ठेवला. आत मशीनचा दोरा गुंडाळायच्या लोखंडी बॉबिनी होत्या, जुन्या, बोटांनी घासून चकचकीत झालेल्या.

"हल्ली प्लास्टिकच्या मिळतात," आई म्हणाल्या. "या नुसत्या पडून आहेत. जड आहेत, बघा."

"तुमच्या इतक्या वर्षांच्या आहेत, आई."

"मग खाली ठेवून काय लोणचं घालू?"

मी त्या नाकात ओळीनं बसवून चिकटवल्या आणि पुन्हा अंगणात उतरलो. या वेळी दारं लावून घ्या असं मी सगळ्यांना सांगितलं होतं, म्हणून गॅलऱ्या आणखी भरल्या. दोरी ताणली गेली. रॉकेट एक वळसा डुचमळलं, दुसऱ्या वळशाला त्याला जणू आठवलं की आपण कोण आहोत. नाक पुढे करून ते वाऱ्यात असं सरळ आणि शांत उभं राहिलं की माझ्या हातातली दोरी गुणगुणायला लागली. गॅलऱ्यांमधला गलबला बंद झाला. टाळ्यासुद्धा कुणी वाजवल्या नाहीत. पुठ्ठा, ड्रॉवरचा तळ आणि बॉबिनी यांचं माझ्या डोळ्यांसमोर काहीतरी वेगळंच झालं होतं, आणि ते मी केलं होतं यावर माझा विश्वास बसेना.

आता एवढं धूड उचलायला खोक्यातली मोटर पुरेना. मोठी हवी. मोठीसाठी मोकळी जागा हवी, आणि जागेसाठी परवानगी. खेळांच्या कार्यालयात म्हणाले, "यात आग आहे ना? मग हे दारूकाम. फायर ब्रिगेडकडे जा." फायर ब्रिगेडच्या खिडकीवर म्हणाले, "उडतं ना? मग विमानवाल्यांकडे जा." विमानवाल्यांनी आदरानं खुर्ची दिली आणि विचारलं, "चालक कोण?"

"चालक नसतो."

"मग खाली कोण आणतो?"

"सासूबाईंनी शिवलेलं पॅराशूट."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "हे खेळणं आहे," ते म्हणाले. "खेळांच्या कार्यालयात जा."

मी असा वर्तुळात फिरत होतो, अंगणात फिरलो होतो तसाच, फक्त इथे बसायला कुंड्या नव्हत्या. शेवटी एका दुपारी फायर ब्रिगेडच्या मोठ्या साहेबांपुढे जाऊन मी जे आहे ते सांगून टाकलं. मान, मशीन, ट्रायल, सगळं. भारदस्त मिशांचा तो माणूस उठून भिंतीवरच्या नकाशापाशी गेला. मग म्हणाला, "गावाबाहेर आमचं सरावाचं मैदान आहे. एक सकाळ देतो, पुन्हा मागायचं नाही. मी स्वतः येणार. आणि नियम म्हणजे नियम. सगळ्यांनी लांब उभं राहायचं आणि वर लक्ष ठेवायचं. बसायचं नाही, गप्पा मारायच्या नाहीत."

त्या सकाळी मैदानावर आम्ही होतो, पूलसाहेब होते, आणि वाळूच्या बादल्यांसह फायरसाहेब होते. मोटरी दोन आणल्या होत्या, कारण आमच्या घरात कुठलीही वस्तू एक अशी येत नाही. मी सतरंजी पसरून तिच्यावर हत्यारं मांडली, उभ्या दांडीवर रॉकेट चढवलं, वायर लांबवर ओढत आणली. बायको आईंच्या मागे उभी राहून त्यांच्या मानेला दोन्ही हातांनी हळूहळू आधार देत होती. पूलसाहेबांनी उलटी मोजणी सुरू केली आणि शून्य म्हणाले. मी बटण दाबलं. काही झालं नाही.

"किल्ली," फायरसाहेब म्हणाले.

बटणाच्या खोक्यात सुरक्षेची किल्ली फिरवल्याशिवाय वीज जात नाही. ती किल्ली मी हरवू नये म्हणून इतकी सांभाळून ठेवली होती की ती माझ्या मोज्यात निघाली. सगळ्यांनी सभ्यपणे दुसरीकडे बघितलं. मग पुन्हा मोजणी, पुन्हा शून्य, आणि मी दाबलं.

पुढचं मला सांगता येत नाही. मी पुष्कळांना सांगायचा प्रयत्न केला आहे आणि प्रत्येक वेळी माझे हात वर जातात आणि शब्द खालीच राहतात. एक फाडल्यासारखा आवाज झाला, दांडी रिकामी दिसली, आणि आमचं सगळं काम, ते ड्रॉवरसकट, आकाशात होतं. एवढी जड वस्तू एवढ्या सहज कशी जाते? ती आपली वाट पाहत होती का? फायरसाहेबांच्या तोंडून "अरे बापरे" निघालं आणि त्यांनी टोपी धरली. धुराची सरळ रेघ, तिच्या टोकाला ठिपका, मग ठिपकाही नाही. आणि मग फार वर नारिंगी काहीतरी उमललं.

"उघडलं! आई, उघडलं!" बायको ओरडली.

"कुठंय?"

"वर, वर!"

"वर म्हणजे कुठे गं?"

मी वळलो. आईंच्या कपाळावर शिरा दिसत होत्या, डोळे खोबणीत जातील तितके वर गेले होते. त्यांची नजर मैदानाच्या टोकाच्या झाडांपर्यंत पोचत होती, त्याच्या वर नाही. जे दिसत होतं ते दिसतंय म्हणायचीही आम्हाला लाज वाटली.

मग आई एकाएकी चालू लागल्या. वाळलेल्या गवतावरून एक फिकट गोल सावली त्यांच्या पायांजवळून सरकत गेली होती. ती हळूहळू गडद होत चालली होती. आम्ही वर बघून अडखळत होतो आणि त्या खाली बघत नेमक्या तिच्या मागे. पॅराशूट जिथे टेकलं तिथे त्या आमच्या आधी उभ्या होत्या. त्यांनी ते उचललं, उलटं केलं आणि शिवणींवरून बोट फिरवलं.

"शिवण टिकली," आई म्हणाल्या. "बसलं कसं, ते दिसलं नाही."

त्यांनी तक्रार केली नव्हती, नुसतं सांगितलं होतं. तेच वाईट झालं. बायको पाणी प्यायच्या निमित्तानं पाठ करून उभी राहिली. मला घरातलं मशीन दिसू लागलं, त्यावरचं झाकण, झाकणावरची टॉर्च. मी पॅराशूट पुन्हा नळीत कोंबलं, दुसरी मोटर बसवली आणि रॉकेट दांडीवर चढवलं. कुणासाठी उडवायचं आता? पूलसाहेबांनीसुद्धा काही सांगितलं नाही, यावरून काय ते समजावं.

"जावईबापू," मागून आवाज आला, "ती सतरंजी मोकळी करा."

मला वाटलं, निघायचं म्हणतात. मी हत्यारं गोळा केली. आईंनी सतरंजी स्वतः ओढत मैदानात लांब नेली, झटकली, अंगावरच्या शालीची उशी केली आणि सरळ उताण्या झोपल्या.

आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. डॉक्टर, मी, बायको, हत्तीचा हिशोब करणारे पूलसाहेब, यांतल्या कुणाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं. आम्ही महिनोन् महिने त्या मानेशी झटत होतो आणि आईंनी मानेचा नाद सोडून दिशाच बदलली होती.

"आई, अगं चारचौघांत?" बायको म्हणाली. "लोक बघतील."

"लोकांनी वर बघावं."

फायरसाहेब पुढे झाले. "आजी, नियमात उभं राहायचं आहे. वरून काही आलं तर बाजूला होता यायला हवं."

"तुम्ही उभे राहा की माझ्याशेजारी. आलं तर मला ओढा."

साहेबांनी मिशीवरून हात फिरवला. इतक्या आगी विझवलेल्या माणसाला या बाईपुढे नियम पुरेना. त्यांनी सतरंजी आणखी मागे न्यायला लावली, मग आईंच्या उशाशी ताठ उभे राहिले. "चालू द्या," ते म्हणाले.

"आणि जावईबापू, तुम्ही या इकडे," आई म्हणाल्या. "तुमचंच रॉकेट आहे ना? मघाशी सगळा वेळ माझ्याकडे बघत होतात."

त्यांना कसं कळलं कोण जाणे. चपला कुठे वळल्या होत्या ते दिसलं असणार. बायकोनं माझ्या हातातून बटणाचं खोकं घेतलं, ते तिला पहिल्यापासून हवं होतं हे मला तिच्या पकडीवरून समजलं. मी कपडे झटकून आईंच्या शेजारी आडवा झालो. सतरंजीच्या दुसऱ्या बाजूनं कण्हण्याकुंथण्याचा आवाज आला. पूलसाहेबही गुडघे धरत धरत पडत होते. "जमीन पक्की आहे," ते म्हणाले.

उताणं पडल्यावर मला पहिल्यांदा कळलं की आकाश वर नसतं. ते समोर असतं, सगळीकडून, आणि त्याला कडा नसते. झाडं गेली, मैदान गेलं, फायरसाहेबांची फक्त हनुवटी राहिली. मी आयुष्यात इतका लहान कधी झालो नव्हतो, आणि त्याचं वाईटही वाटत नव्हतं.

जमीन पाठीखाली धडधडली. आमच्या पायांच्या पलीकडून निळी वस्तू निघाली आणि थेट त्या मोकळ्या निळ्याच्या मध्यात शिरत गेली, आपल्यालाच कुणीतरी वर ओढून नेत असावं असं वाटलं. आवाज आमच्यामागे राहिला. मग काहीच नाही. वारासुद्धा नाही. आईंच्या हातानं माझी बाही पकडली. मी काहीतरी बोलणार होतो.

"बोलू नका," आई म्हणाल्या.

फार वर एक पुटपुटल्यासारखा आवाज झाला आणि नारिंगी कळी सुटली, एकदा आक्रसली, आणि पूर्ण उघडली. सगळ्या पाकळ्या, सगळ्या दोऱ्या. तिच्यातून ऊन आरपार येत होतं आणि आतलं ते दुमडलेलं कापड प्रत्येक शिवणीशी गडद पट्टा होऊन दिसत होतं.

"डाव्या अंगाला किंचित ओढतंय," आई अगदी हळू म्हणाल्या. "पण बसलंय. छान बसलंय."

उताण्या माणसाच्या डोळ्यांतलं पाणी गालावर येत नाही, सरळ कानात जातं. माझ्या दोन्ही कानांत गेलं होतं. आईंच्याही गेलं असावं, कारण त्या बोट घालून कान पुसत होत्या. पूलसाहेब काय करत होते ते मी बघितलं नाही, पण त्यांनी नाक ओढलं.

पॅराशूट खाली यायला लागलं तशी बायको त्याच्या मागे पळाली, पूलसाहेब उठून तिच्यामागे. मी उठू लागलो. आई हलल्या नाहीत. पॅराशूट कधीच नजरेआड झालं होतं, तरी त्या बघतच होत्या, रिकाम्या जागेकडे.

"जावईबापू, हे एवढं सगळं रोज इथेच असतं?"

"हो, आई. रोजच."

"आणि मला कुणी सांगितलं नाही," आई म्हणाल्या.

मी तरी कुठे बघितलं होतं? मी परत आडवा झालो. थोड्या वेळानं फायरसाहेबांनी इकडेतिकडे बघितलं, टोपी काढून बादलीवर ठेवली, आणि तेही हळूच सतरंजीच्या कडेला टेकले.

बायको धापा टाकत आली. तिच्या एका हातात रॉकेट आणि दुसऱ्या हातात नारिंगी गठ्ठा होता. तिच्या मागून पूलसाहेब आले. त्यांच्या हातात शेपटीचा तुटलेला पंख होता.

"एक सांगू? राग मानू नका," पूलसाहेब म्हणाले. "याच्यापेक्षा मोठं करायला हवं. पण मग हे पॅराशूट पुरायचं नाही."

आईंनी डोळे वरून हलवले नाहीत.

"कापड आहे आत," त्या म्हणाल्या. "सोडता येईल."